टाळीचं वाक्य

विसूभाऊंना मोठ्यानं बोलताना कर्जतात कुणी ऐकलं नव्हतं. भांडतानासुद्धा ते कुजबुजत. दुधात पाणी दिसलं की दूधवाल्याच्या कानाशी जाऊन त्याचे वाडवडील काढत, आणि दूधवाला मान खाली घालून इतक्या अदबीनं ऐकत असे की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, गुरुमंत्र चाललाय. उभा जन्म त्यांनी एका फिरत्या नाटक मंडळीत प्रॉम्प्टर म्हणून काढला होता. विंगेत कंदिलाशेजारी नाटकाची वही धरून उभं राहायचं आणि नट अडखळला की पुढचं वाक्य त्याच्या कानात सोडायचं, हे त्यांचं काम. पुढं मंडळी बुडाली, नट पांगले, नायिकेचं काम करणाऱ्या गृहस्थांनी मिशा वाढवून पुण्यात सायकलींचं दुकान काढलं आणि विसूभाऊ आपला उरलेला आवाज घेऊन कर्जतला येऊन राहिले. कर्जतच का, असं विचारलं तर म्हणत, "घाटासाठी मागून इंजिन लावायला गाडी इथं बराच वेळ थांबली. कंटाळून उतरलो."

मी तेव्हा तिथल्या खासगी इंग्रजी शाळेत मास्तर होतो आणि स्वतःला वक्ता समजत होतो. तसं समजणारं दुसरं कुणी नव्हतं, पण माझ्या मताला मी फार मान देत असे. शाळेत जाताना उल्हास नदीच्या काठानं जायचं आणि पलीकडच्या म्हशींसमोर हातवारे करून भाषण करायचं, हा माझा रियाज. म्हशी शांतपणे ऐकत. पुढं जे श्रोते मिळाले, त्यांच्यापेक्षा त्या बऱ्याच समजूतदार होत्या.

आमची ओळख झाली ती वाचनालयाच्या वार्षिक सभेत. मी ग्रंथांच्या थोरवीवर बोलायला उभा राहिलो आणि ऐन रंगात आल्यावर डोकं धुतल्यासारखं रिकामं झालं. समोर सगळं गाव, आणि जीभ टाळूला चिकटलेली. तेवढ्यात डाव्या बाजूनं, मागच्या पडद्याआडून, स्वच्छ शब्द आले: "हे आकाशा, तू साक्षी आहेस, आम्ही झोपलो नव्हतो." मी ते तसंच्या तसं म्हटलं. असा कडकडाट झाला की अध्यक्ष दचकून जागे झाले. सभेनंतर मी पडद्यामागं गेलो, तर काळा बंद गळ्याचा कोट घातलेला एक सडपातळ म्हातारा तपकीर ओढत बसला होता.

"वाक्य छान होतं," मी म्हटलं, "पण ग्रंथांशी त्याचा संबंध काय?"

"काही नाही," तो कुजबुजला. "टाळीचं वाक्य आहे. कुठंही बसतं."

त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य झालो. त्यांनी मला शिष्य केलं नव्हतं, पण मी असल्या बारीकसारीक गोष्टींसाठी कधी अडून बसलो नाही.

वाक्य अर्धवट राहिलेलं त्यांना सोसत नसे. लग्नात भटजी मंगलाष्टकात घोटाळले की डावीकडून पुढची ओळ यायची. कुणाच्या घरी समाचाराला गेले आणि तिथल्या बाईला हुंदक्यानं पुढं बोलवेना, तर हे हळूच सांगत, "आणि आता आम्ही कुणाकडं बघायचं," आणि ती बाई तेच म्हणून आणखी रडे. बसायचे नेहमी माणसाच्या डाव्या हाताला, कारण त्यांची विंग डावी. तपकीर सपाटून ओढत, पण शिंकत कधीच नसत. विंगेत शिंकण्याची सोय नव्हती, त्यामुळे शिंक आतल्या आत जिरवायची कला त्यांनी कमावली होती. शिंक जिरवताना डोळ्यांत पाणी येई आणि नवख्या माणसाला वाटे, किती हळवे आहेत हो. हळवे ते मुळीच नव्हते. चहा जरा पाणचट झाला तर कप ओटीवरून खाली ओतत आणि यजमानाकडं असं बघत की त्यानं गाव सोडावं.

अहंकारही दांडगा होता. मंडळीतल्या एका नटाच्या रडण्यावर म्हणे सबंध वऱ्हाड प्रांत लोळत असे. त्या नटाचं नाव निघालं की विसूभाऊ बोट आपल्या छातीवर ठेवत. "रडायचा तो. पण केव्हा रडायचं, ते मी सांगायचो."

त्या काळी कर्जतच्या बाजारात सभांना तोटा नव्हता. जंक्शनचं गाव, गाडीतून उतरून बोलावं आणि पुढच्या गाडीनं जावं, अशी वक्त्यांची सोय होती. चहा सोडा म्हणणारे येत, परदेशी साखर सोडा म्हणणारे येत, जुनं सगळं टाका म्हणणारे आणि जुनं सगळं परत आणा म्हणणारे एकाच आठवड्यात येत. मला प्रत्येकाचं पटे. एकदा मी चहा सोडला, मग साखर सोडली, आणि दोन्ही पुन्हा सुरू केली तेव्हा कुणाच्या सांगण्यावरून ते आठवेना. बायको म्हणे, "अहो, सभेला जाताना घरात काय काय राहू द्यायचं, ते तरी सांगून जा."

विसूभाऊ प्रत्येक सभेला येत आणि माझ्या डावीकडं बसून वक्त्याच्या आधी त्याचं वाक्य पुटपुटत.

"आता म्हातारी येईल," ते म्हणत.

वक्ता कपाळ पुसून सांगे, "बंधूंनो, इथं येताना वाटेत मला एक म्हातारी भेटली."

मी थक्क होई. "तुम्ही कसं ओळखलंत?"

"घसा बसला त्याचा. पुढं मुद्दा नाही. मुद्दा नसला की म्हातारी येते. फाटकं लुगडं असेल, आणि ती याच्या तोंडावरून हात फिरवील."

म्हातारी फाटक्या लुगड्यात येई, तोंडावरून हात फिरवी, आणि हे सगळं आधी ठाऊक असूनही माझ्या डोळ्यांना धार लागे. विसूभाऊ आपला रुमाल माझ्याकडं सरकवत. त्यांच्या तपकिरीच्या रुमालानं डोळे पुसले की मी खरोखरच धाय मोकलून रडत असे, आणि वक्त्याला वाटे, कर्जतात एक तरी जाणता आहे.

म्हातारीसारखी त्यांच्याकडं बरीच नावं होती. 'आपण' आणि 'ते' सुरू झालं की म्हणत, भिंत घातली. "एकदा भिंत घातली की पलीकडं काय आहे ते बघायला कुणी जात नाही. वक्ता सांगेल तेच पलीकडं असतं." आज नाही तर कधीच नाही, असं कुणी म्हणालं की म्हणत, घाई आली, आता पाकीट सांभाळा. आणि वक्त्यानं 'तुम्ही भोळी माणसं आहात' म्हटलं की नुसते माझ्याकडं बघत. मला ते बघणं कधी कळलं नाही. मला वाटे, वक्त्याला माझ्याबद्दल कुणीतरी चांगलं सांगितलंय.

एकदा मी चिडून विचारलं, "पण यात वाईट काय आहे? नाटकात तुम्ही हेच करत होता ना?"

त्यांनी चिमूट ओढली, शिंक जिरवली. "नाटकाला माणूस तिकीट काढून येतो, मास्तर. खोटं आहे हे त्याला माहीत असतं, आणि बाहेर पडला की ते संपतं. इथं फुकट असतं, आणि बाहेर पडल्यावर सुरू होतं."

हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढच्या भाषणात मी ते स्वतःचं म्हणून म्हटलं. टाळी पडली नाही.

एकाच बाईपुढं त्यांचं काही चालत नसे. ती ठमाबाई. नदीकाठच्या एका पट्ट्यात ती भाजी करी आणि बाजारात आणून विकी. पूर्वी चैत्र लागला की नदीत नुसते गोटे उरत. मग डोंगरावर धरणं झाली, भिवपुरीच्या अंगाला वीजघर आलं, आणि वीज करून झालेलं पाणी नदीत सोडू लागले. त्या पाण्यावर ठमाबाईची वांगी भर वैशाखात बाजारात येत. तिचा नवरा झाडावरून पडून कमरेत अधू झाला होता, तेव्हा घर चालायचं ते त्या पट्ट्यावर. विसूभाऊंना भरताचं वांगं लागे हलकं, देठाशी हिरवं, आणि ते निवडताना ते तिच्या पाटीतलं एकेक वांगं कानाशी नेऊन वाजवून बघत आणि भाव कुजबुजत.

"अवो विसूभाव, जरा मोट्यानं बोला की," ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडे. "चोरी केलीय काय तुमी?"

विसूभाऊ ओशाळून वांगं ठेवत आणि पुन्हा उचलत. मोठ्यानं मात्र बोलत नसत.

अशात तालुका लोकल बोर्डाची निवडणूक आली आणि आप्पासाहेब उभे राहिले. त्यांची भाताची गिरणी होती, विसूभाऊ राहत ती चाळही त्यांचीच, आणि आमच्या शाळेच्या मंडळावर ते होते. माणूस वाईट नव्हता. घासाघीस करताना कुणाला हार जात नसे, पण चार माणसांपुढं उभं केलं की स्वतःचं नावसुद्धा आठवून सांगे. त्यांच्याविरुद्ध उभे होते एक वकील. नदीला आता उन्हाळाभर पाणी असतं, तेव्हा पाट काढून ते गावागावांना द्यावं, असं ते सांगत फिरत होते. आप्पासाहेबांचं पाण्याबद्दल काहीच मत नव्हतं. त्यांनी मला बोलावलं.

"मास्तर, भाषण लिहा. लोक उठून बसतील असं पाहिजे. आणि पाठ व्हायचं नाही माझ्यानं, तेव्हा त्या विसूभाऊला मागं बसवू."

मला वाटलं, आयुष्याचं सार्थक झालं. गिरणीवरच्या गाडीवानांत एक बोलवा होती की पाण्यातून वीज काढली की त्याचा कस जातो. त्या बोलवेला मी टाकीचे घाव घातले, आणि तिची मूर्ती झाली ती अशी: "बंधूंनो, दही घुसळून त्यातलं लोणी काढून घेतलं, तर मागं काय उरतं? तसंच पाणी घुसळून त्यातली वीज काढून घेतली, तर मागं काय उरतं? विष उरतं, विष! आणि ते वकील ते विष तुमच्या लेकरांच्या ताटात वाढायला निघाले आहेत!"

हे लिहून झाल्यावर मी खोलीत फेऱ्या मारल्या. तिसऱ्यांदा वाचताना माझ्या अंगावर काटा आला. रात्री जेवताना बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर मी म्हटलं, "आजपासून उकळून."

"कुणी सांगितलं?"

"सभेत सांगणार आहेत."

"तुम्हीच लिहिलंय ना ते?" ती म्हणाली. मी म्हटलं, म्हणूनच खात्रीचं आहे.

आता इथं विसूभाऊंनी मला दोन शब्द सुनावले असतील असं कुणाला वाटेल, तर तसं काही झालं नाही. त्यांनी कागद वाचला आणि त्यांच्या डोळ्यांत जुनी विंग पेटली. किती दिवसांनी हातात संहिता आली होती. त्यांनी माझी वाक्यं घासूनपुसून घेतली, 'ताटात' काढून 'घासात' घातलं, विषाच्या आधी आप्पासाहेबांनी एक हात छातीवर न्यावा असं बसवलं. गिरणीत पोत्यांच्या थप्प्यांमध्ये तालमी झाल्या.

"दोन प्रश्न सलग जायला पाहिजेत," ते आप्पासाहेबांच्या कानाशी सांगत. "मी देईन तसं उचला, श्वास घेऊ नका. प्रश्नापुढं फट राहिली की लोक खरंच उत्तर शोधायला लागतात. आपल्याला उत्तर नको आहे त्यांचं."

मी ते वाक्यही टिपून ठेवलं. आपल्याबद्दलही कधी कुणी असंच बोललं असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पहिली सभा चौक गावी झाली आणि दुसरी खालापूरला. व्यासपीठामागं कनात लावायची, कनातीला डाव्या हाताला एक चीर ठेवायची, आणि चिरेपलीकडं उलट्या पाटीवर विसूभाऊ बसायचे. आप्पासाहेब धडधडा बोलले. त्यांचं नाव, लोणी, वीज, विष, सगळं जागच्या जागी. खालापूरला विष म्हणताच एका बाईनं कडेवरचं पोर घट्ट धरलं आणि मला अभिमानानं भरून आलं. परतताना बैलगाडीत विसूभाऊ मांडीवर ताल धरून होते. इतके आनंदी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं भाजी आणायला गेलो. मी अर्थात नदीकाठची भाजी सोडली होती, पण विसूभाऊंना भरीत हवं होतं. ठमाबाई नेहमीच्या जागी बसली होती. पाटी काठोकाठ भरलेली, आणि तिच्यापुढं माणूस नव्हतं. माणसं तिथपर्यंत येत आणि वळसा घालून जात. एक बाई पुढं होऊन वांगं उचलणार, तर तिच्या जावेनं तिचा हात मागं ओढला. "नको गं, वीज हाय त्यात."

"कोन म्हनतं?" ठमाबाई उठून विचारत होती. "अगं, मी खाते, माजी पोरं खात्यात. मेलं काय कोन?"

"सभेत सांगितलं," ती जाऊ म्हणाली आणि दोघी गेल्या.

ठमाबाईनं आम्हांला पाहिलं. "विसूभाव, तुमी सभंला असता ना? कोन बोललं हो असं?"

डावीकडून कुणीही वाक्य दिलं नाही. मी चपलेचा अंगठा तपासत राहिलो. मग विसूभाऊंनी पाटीतलं एक वांगं उचललं आणि भर बाजारात कच्चंच खाल्लं. देठ तेवढा ठेवला. हा त्यांचा सगळ्यांना दाखवण्याचा प्रयत्न होता, पण बघणारे एकमेकांना म्हणाले, याच्यामागं रडणारं कोण आहे, याला काय. ठमाबाईनं संध्याकाळी ती सगळी पाटी गुरांपुढं ओतली. बाजारात बसलेली बाई रडते तेव्हा ती नाक ओढत पाटी झटकते, कुणाच्या तोंडावरून हात फिरवत बसत नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

त्या रात्री विसूभाऊंनी तपकीर ओढली नाही. सकाळी ते माझ्या दारात आले. "मास्तर, ते वाक्य काढा."

"कोणतं?"

"लोण्याचं."

मला राग आला. साहित्यिकाला येतो तसला. "विसूभाऊ, सबंध भाषणात तेच एक वाक्य आहे. ते काढलं तर मागं काय उरतं?"

"तेच विचारतोय मी," ते म्हणाले.

मी काढलं नाही. मग ते आप्पासाहेबांकडं गेले. आप्पासाहेबांनी विचारलं, टाळी पडते की नाही? पडते, असं विसूभाऊंना सांगावंच लागलं. तेवढ्यावर ते बोलणं मिटलं.

कर्जतची सभा शेवटची आणि मोठी. दिवस मावळायच्या बेताला बाजाराची जागा भरली. आसपासच्या गावांतले भातवाले पुढं बसले होते, मागं बाया उभ्या होत्या आणि त्यांत ठमाबाई होती. तिला मत नव्हतं. ती फक्त कोण बोलतंय ते बघायला आली होती. मी कनातीमागं विसूभाऊंच्या जवळच उभा होतो, कारण माझ्या वाक्याला पडणारी टाळी मला जवळून ऐकायची होती.

सुरुवात झकास झाली. विसूभाऊ वाक्य सोडत होते, आप्पासाहेब उचलत होते. म्हातारीसुद्धा येऊन गेली. ती मी हौसेनं घातली होती. मग आप्पासाहेब छाती फुगवून म्हणाले, "बंधूंनो, दही घुसळून त्यातलं लोणी काढून घेतलं, तर मागं काय उरतं?"

आणि विसूभाऊंनी वही मिटली.

मला आधी वाटलं, ओळ चुकली. मी त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांचे ओठ एकमेकांवर असे दाबलेले, जणू आत फार मोठी शिंक आहे. बाहेर आप्पासाहेब वाट बघत उभे होते. चिरेकडं मान कलती झाली, छातीवर न्यायचा हात अर्ध्यावर थांबला. "मागं काय उरतं?" त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि मग नुसतंच, "काय उरतं?"

कुणी खोकेना. लोक एकमेकांकडं बघू लागले. त्यांना वाटलं, साहेब विचारताहेत. पुढच्या रांगेत पळसदरीकडचे एक म्हातारे शेतकरी बसले होते. इतक्या मोठ्या माणसानं दोनदा विचारावं आणि कुणी उत्तर देऊ नये, हे त्यांना बरं वाटेना. ते मुंडासं सावरत उठले आणि अदबीनं म्हणाले, "ताक."

आप्पासाहेब त्यांच्याकडं बघत राहिले.

"ताक उरतं, साहेब," म्हाताऱ्यांनी समजावून सांगितलं. "लोनी काढलं की ताक."

"ताक काय वाईट हाय?" मागून कुणी म्हणालं.

"कडी होते की," एका बाईचा आवाज आला.

आधी बाया हसल्या, मग सगळीच सभा. रोज दुपारी मी वाडगाभर ताक पीत आलो होतो आणि माझ्या त्या अजरामर प्रश्नाचं उत्तर ताक आहे, हे लिहिताना मला एकदाही सुचलं नव्हतं. आप्पासाहेबांनी चिरेतून आत हात घालून खुणा केल्या. विसूभाऊ मिटल्या वहीवर हात ठेवून बसून राहिले. विष हा शब्द त्या दिवशी कर्जतात कुणी उच्चारला नाही. हशा ओसरल्यावर ठमाबाईचा आवाज आला, चांगला खणखणीत: "मंग माज्या वांग्याला का वो हात लावत नाय तुमी?"

पुढच्या बाजारी तिची पाटी रिकामी झाली. माणसं वांगं उचलून एकमेकांना म्हणत, घे, ताकातलं आहे.

सभेनंतर मी विसूभाऊंच्या खोलीवर गेलो. ते भिंतीकडं तोंड करून बसले होते. मला माझ्या वाक्याचं सुतक होतं, तरी मी म्हटलं, "बरं केलंत तुम्ही."

"बरं काय त्यात," ते म्हणाले. "उभ्या आयुष्यात मी नट टांगला नव्हता. अंगात ताप असताना वाक्य दिलंय. घरून बायको गेल्याची तार आली, ती खिशात ठेवून पाचवा अंक पुरा केलाय. आणि आज माझ्या भरवशावर उभा राहिलेला माणूस मी लोकांसमोर टांगला. दगाच आहे तो."

"पण ठमाबाई?"

"म्हणून तर केला," ते म्हणाले, आणि मग मान हलवत राहिले. दुसऱ्या दिवशीही ते जेवले नाहीत.

आप्पासाहेब निवडून आले. त्यांचे सोयरे पुष्कळ होते आणि भात घालणारे त्याहून पुष्कळ. मला ते म्हणाले, वाक्य फार अवघड लिहिलं होतंत, मास्तर. विसूभाऊंना ते एक वाईट शब्द बोलले नाहीत. गिरणीची पोती ठेवायला खोली लागणार आहे, एवढंच कळवलं. विसूभाऊंची एक पुतणी साताऱ्याकडं होती. एक ट्रंक आणि तपकिरीची डबी घेऊन ते निघाले.

त्यांना पोचवायला स्टेशनावर मी गेलो होतो आणि ठमाबाई आली होती. मी अर्थातच चार वाक्यं तयार करून नेली होती. घाट चढायला गाडीला मागून इंजिन लावतात, ते कुणाला दिसत नाही, पण गाडी वर जाते ती त्याच्या जोरावर, आणि विसूभाऊ, तुम्ही आम्हां कर्जतकरांचे, असं ते सुरू होत होतं. गाडी उभी होती, मागं इंजिन जोडल्याचा धक्का बसला, मी खिडकीशी जाऊन घसा साफ केला.

"घाट चढायला," मी म्हटलं, "गाडीला मागून," आणि पुढं काहीही आठवेना. मी नेहमीच्या सवयीनं त्यांच्याकडं कान केला.

विसूभाऊ माझ्याकडं बघत होते. त्यांना ते वाक्य ठाऊक होतं. पुढची तीनही ठाऊक असणार. पण ते गप्प राहिले, आणि या वेळी त्यांचे ओठ दाबलेले नव्हते. ते नुसते वाट बघत होते.

"विसूभाऊ," मी म्हटलं, "जाऊ नका हो."

त्यांचे डोळे भरून आले. तपकीर त्यांनी ओढलेली नव्हती. त्यांनी खिडकीतून हात काढून माझ्या खांद्यावर ठेवला, तेवढ्यात शिट्टी झाली. ठमाबाईनं मला बाजूला सारून फडक्यात बांधलेली वांगी आत टाकली. गाडी हलली. ती बरोबर चालत ओरडली, "शिळी करू नका, विसूभाव! आजच भाजा!"

गाडीनं वेग घेतला, मागचं इंजिन धापा टाकत आमच्यासमोरून गेलं, आणि त्या सगळ्या खडखडाटावरून पुढच्या डब्यातून एक आवाज आला. भला मोठा, भरदार, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असा. इतकी वर्षं तो त्या माणसाच्या आत कुठं होता कोण जाणे.

"आजच भाजतो गं, ठमाबाई!"

खिडकीतून एक हात बाहेर आला होता आणि त्यात वांगं होतं. ठमाबाई हसत उभी राहिली. मी टाळ्या वाजवल्या. फलाटावरचा हमाल ओझं खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिला, पण गाडी वळणाआड जाईपर्यंत मी थांबलो नाही.